आपापल्या नावानं

बेबीनंदा म्हस्के शिकवायला लागली तेव्हा नातेवाईक म्हणाले, मास्तरची पोरगी, दुसरं काय करणार? तिचे वडील अण्णासाहेब जाफराबादला जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. शिस्तीचा मोठा दरारा. ते वर्गात आले की पोरं श्वाससुद्धा बेतानं घेत. भिऊन भिऊन पाढे, सनावळ्या, नद्यांची नावं पाठ करत आणि वार्षिक परीक्षा झाली की आंब्याच्या कोयीसारखी सगळी विद्या फेकून देत. बेबीनंदा त्यांच्याच वर्गात दोन वर्षं बसली होती, म्हणून तिला हे आतून ठाऊक होतं. शिकवायचंच झालं तर असं नाही शिकवायचं, एवढं तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं.

औरंगाबादला बी.एस्सी. झाल्यावर तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. अण्णासाहेबांना ते पसंत नव्हतं.

"बी.एड. कर," ते म्हणाले. "शाळेत चिकटलीस की जन्माची भाकरी. हे यंत्र आज आहे, उद्या नाही."

"असू द्या बाबा, उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. आई, केशरबाई, मध्ये पडली म्हणून बोलणं तिथंच थांबलं.

त्र्याण्णव साली जालन्यात गांधी चमनजवळ बद्रीनाथनं कॉम्प्युटरचा क्लास काढला. बद्रीनाथचं खाली रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चिकलठाण्याला एक कंपनी बंद पडली, तिथून त्यानं एक मोठं मशीन आणि सहा पडदे टेंपोत घालून आणले आणि दुकानाच्या माडीवर मांडले. मशीन युनिक्सवर चालायचं. युनिक्स म्हणजे काय हे बद्रीनाथला माहीत नव्हतं, पण फळ्यावर तो शब्द त्यानं मोठ्या अक्षरात रंगवून घेतला होता. बेबीनंदाला ते येत होतं, म्हणून ती तिथं शिकवायला लागली.

पहिल्या दिवशी पोरांना वाटायचं की समोर सहा कॉम्प्युटर आहेत. ती सांगायची, "मशीन एकच, ते कोपऱ्यातलं. बाकी नुसते पडदे आणि बटणं. सहा जण आहेत, पण चूल एक आहे." मग काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत आणि पोरं पुढं वाकत.

पुस्तकं इंग्रजीत होती आणि तिच्याकडं येणारे बहुतेक मराठी शाळांतून आलेले. कुणी भोकरदनचा, कुणी परतूरचा. पुस्तकातले दाखले त्यांच्या डोक्यावरून जात, म्हणून तिनं स्वतःचे शोधले. फाइलचा पत्ता शिकवताना ती विचारी, "पाकिटावर काय लिहिता? मुक्काम राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मशीन हेच उलटं वाचतं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग घर. मध्ये एकेक तिरकी रेघ." फाइल आणि प्रोसेस यांत पोरांचा फार गोंधळ उडे. त्यावर ती एस.टी.चा दाखला देई. वेळापत्रकात जाफराबादची गाडी लिहिलेली असते, ती फाइल. तीच गाडी ड्रायव्हर-कंडक्टर घेऊन फलाटावरून सुटली की झाली प्रोसेस. सुटल्यावर मशीन तिला नंबर देतं, आणि ती कुणी सोडली हेही लक्षात ठेवतं. वेळापत्रकाचा कागद भिंतीवर तसाच राहतो, गाडी मात्र पोचली की संपली.

"आन् मधीच बंद पडली तर?" कुणीतरी विचारी.

"तर तिचा नंबर शोधायचा आणि थांबवायची. पण आपली आपण. दुसऱ्याची गाडी आपल्याला थांबवता येत नाही."

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर कारभारी आला. शहागडचा शेतकरी गडी, पन्नाशीकडं झुकलेला, अंबडकडच्या एका सहकारी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून. जिनिंगमध्ये मशीन येणार होतं आणि मॅनेजरनं त्याला शिकायला धाडलं होतं. तो आला, बेबीनंदाकडं बघितलं, खोलीत दुसरं कुणी मोठं माणूस दिसतं का तेही बघितलं.

"शिकवतंय कोन?"

"मीच."

"बरं." तो म्हणाला, "आडनाव काय म्हनले तुमचं?"

"म्हस्के."

"कुठले म्हस्के?"

हा प्रश्न तिला नवा नव्हता. म्हस्के मराठ्यांतही असतात आणि बौद्धांतही. "जाफराबादचे," ती म्हणाली आणि खुर्ची पुढं सरकवली. त्यानं पुढं विचारलं नाही. बसला.

बटणांची त्याला भीती होती. मुंगी चिरडावी तसं एका बोटानं एक बटण दाबायचा, हात चटकन मागं घ्यायचा आणि तिच्याकडं बघायचा. "झालं का काई?" तीन महिने त्याचं हेच चाललं. पण आठवड्यातून तीन दिवस तो एस.टी. धरून न चुकता येई. शेजारच्या पडद्यावर चांगुणाबाई बसायच्या, आरोग्य खात्यात नोकरीला होत्या. पलीकडं मच्छिंद्र, कॉलेजचा पोरगा, हुशार आणि जरासा उतावळा. बियाण्याच्या दुकानाचा साठा ठेवायचा एक प्रोग्राम तो लिहीत होता. कॉलेजात तो दाखवल्यावर त्याला मार्क मिळणार होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मशीन आणलं तेव्हा ते बसवून देणाऱ्यानं सगळ्यांसाठी मिळून एकच नाव करून दिलं होतं, 'स्टुडंट'. कुणीही यावं, हेच नाव टाकावं, हाच पासवर्ड द्यावा आणि बसावं. सहाही पडद्यांवर सहा स्टुडंट. प्रत्येकाला वेगळं नाव द्यावं असं बेबीनंदाच्या मनात दोन-तीनदा येऊन गेलं होतं. पण अभ्यासक्रम रेटायचा होता, लाइट केव्हा जाईल याचा नेम नव्हता, आणि काम तर चाललं होतं. ते राहून गेलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती फाइल पुसायचं शिकवत होती. "आरएम म्हटलं की मशीन विचारत नाही, पुसू का म्हणून. पुसलं की गेलं. आणि त्याच्यापुढं फुली, म्हणजे ते चांदणीसारखं चिन्ह, टाकली तर जिथं उभे आहात तिथलं सगळं गेलं. तेव्हा हात जपून." सगळे एकेक खोटी फाइल करून पुसत होते. कारभारीही खाली मान घालून करत होता.

तेवढ्यात मच्छिंद्र ओरडला, "माझं सगळं कुठं गेलं?"

ती धावत गेली. त्यानं फायलींची यादी मागवली होती आणि पडदा कोरा. तिनं स्वतः मागवली, तरी कोरा. शेजारच्या पडद्यावर बघितलं, तिथंही तेच. मच्छिंद्रचा प्रोग्राम, चांगुणाबाईंची उदाहरणं, सगळ्यांचं सगळं पुसलं गेलं होतं.

खोलीतल्या सगळ्या माना कारभारीकडं वळल्या.

"काका, तुम्ही फुली टाकली का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मी माझीच पुसून राह्यलो होतो."

"पण फुली टाकली का?"

कारभारीनं बटणांकडं बघितलं. "टाकली असंल... ध्यानात न्हाई."

"थांबा, असं कुणाचं नाव घेऊ नका," बेबीनंदा म्हणाली. पण तिला बोलायला उशीर झाला होता. कारभारीनं पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. पुढच्या क्लासला तो आला नाही. त्या आठवड्यात आला नाही, पुढच्यातही नाही.

"जाऊ द्या मॅडम," बद्रीनाथ म्हणाला. "त्यांच्यानं हे होनार न्हाई, आपल्याला पहिल्यापासून दिसत होतं."

बेबीनंदानं मशीन उलटंपालटं करून बघितलं. कुणी केलं याचा माग कुठंच नव्हता. मशीनच्या लेखी खोलीत एकच माणूस होता, स्टुडंट. त्यानंच फायली लिहिल्या आणि त्यानंच पुसल्या. आपली वस्तू आपणच पुसली तर मशीन कशाला अडवेल? तिथं बसून तिला हेही आठवलं की त्या दुपारी चांगुणाबाईंनाही फुलीचं बटण सापडत नव्हतं आणि त्यांनी ते तिलाच विचारलं होतं. तिकडं मात्र कुणाचीच मान वळली नव्हती. तिची स्वतःचीसुद्धा नाही. हे तिला जास्त लागलं.

रविवारी तिनं अंबडमार्गे शहागडची गाडी धरली. फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती, टायरवाल्यांच्या दुकानांपुढं हवेचे पंप फुसफुसत होते. एका टायरवाल्याला विचारलं तर त्यानं गोदावरीकडच्या अंगाला बोट दाखवलं. कारभारी ओसरीवर तुरीच्या शेंगा निवडत बसला होता. तिला बघून तो उभाच राहिला.

"मॅडम? तुम्ही हितं?"

"तुम्ही येईनात, म्हणून आले, काका."

आतून म्हाताऱ्या आईचा, साळूबाईचा आवाज आला, "कोन हाय रं?"

"जालन्याच्या मॅडम हायेत, माय. मशिनीच्या."

साळूबाई दारात आली. कुठली, कुणाची, तिनं विचारून घेतलं. "जाफराबादची. आम्ही बौद्ध," बेबीनंदा म्हणाली. साळूबाईनं "बरं बरं, बस" म्हणून सतरंजी टाकायला लावली. कारभारीची बायको तुळजाबाई चहा घेऊन आली. त्याला स्टीलच्या कपात, हिलाही तशाच. आत या असं मात्र कुणी म्हणालं नाही. कचेरीतलं माणूस आलं की ओसरीवरच बसवायची रीत असेल, किंवा ते तिच्यापुरतं असेल. दोन्ही असू शकत होतं. ती ज्या कामाला आली होती ते दुसरं होतं. तिनं चहा घेतला.

कारभारी परत शेंगा निवडायला बसला. मग म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, मी केलं असंल बी आन् नसंल बी. मला ठाऊकच न्हाई. तेच बोचून राह्यलं. बैल दुसऱ्याच्या रानात गेल्ता, असं कुनी आलं तर मानूस म्हनतो, व्हय, माझा व्हता, चुकलं. हितं मला चुकलं बी म्हनता यीना आन् न्हाई बी म्हनता यीना. त्या पोराचं एवढं काम गेलं."

"ते मशीनलाही ठाऊक नाही, काका."

"त्येला बी न्हाई?"

"नाही. तुम्ही सहा जण होता, पण मी तुम्हाला एकाच नावाखाली बसवलं होतं. त्याला काय कळणार कोण कोण ते? फायलींचा मालक एकच, मग कुणाला अडवायचं?"

तुळजाबाई खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मंग परत्येकाला येगळं नाव द्याया लई खटपट लागती का?"

"नाही. तासाभराचं काम आहे."

"मंग दिलं का न्हाई इतके दिस?"

कारभारीनं बायकोकडं डोळे वटारले. बेबीनंदाला हसू आलं आणि लाजही वाटली. "राहून गेलं," ती म्हणाली. "आता देणार आहे. कारभारी या नावानं एक जागा करून ठेवते. यायचं का नाही ते तुम्ही ठरवा."

"बघू," तो म्हणाला. फाट्यापर्यंत तो तिला सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं कुरकुर केली. "सगळ्यांला येगळं येगळं करून ठिवलं तर कोन काय करतो ते मला कसं दिसंल?"

"आतापर्यंत दिसत नव्हतं. आता दिसेल," ती म्हणाली. त्याला ते नीट कळलं नाही, पण तिच्या बोलण्यात असं काही होतं की तो खाली दुकानात निघून गेला.

सगळ्यांना नावं मिळाली. बुधवारी कारभारी आला. कुणाकडं न बघता आपल्या जागेवर बसला. तिनं त्याला त्याचं नाव टाकायला सांगितलं, पासवर्ड ठरवायला सांगितला आणि पाठ फिरवून उभी राहिली. मग एक फाइल करायला लावली आणि यादी मागवली. ओळीच्या मध्यावर, मालकाच्या जागी, इंग्रजी अक्षरांत कारभारी. तो बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेला.

"ह्यात हे एच कशाला?"

"बी आणि एच मिळून भ होतो."

"असं व्हय."

त्या दिवशी तिनं परवानग्या शिकवल्या. मालक, गट आणि इतर, असे तीन प्रकारचे लोक. वाचणं, लिहिणं आणि चालवणं, अशा तीन मुभा. नुसतं सांगून भागणार नाही हे तिला कळत होतं. "मच्छिंद्र," ती म्हणाली, "काकांची फाइल पुसून दाखव."

मच्छिंद्र चपापला. "मी?"

"हो, तूच. तुझ्या जागेवरून."

त्यानं पत्ता टाकला, आरएम मारलं. पडद्यावर ओळ आली: परवानगी नाही.

कारभारी उठून त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. "पुन्यांदा मार."

मच्छिंद्रनं मारलं. परवानगी नाही.

"फुली टाकून मार."

तेही झालं. नाही. कारभारी आपल्या पडद्याशी परत गेला, यादी मागवली, फाइल होती तिथंच होती. मग मात्र तो हसला, आणि चांगुणाबाईही हसल्या, आणि मच्छिंद्रही कानशिलं लाल करून हसला.

चांगुणाबाईंनी विचारलं, "मॅडम, डिरेक्टरी तर नुसता फायलींचा कप्पा, तिला चालवायची मुभा कशाला? ती काय चालते का?"

"तिथं तिचा अर्थ आत जाणं. यादी वाचायची मुभा वेगळी आणि आत पाऊल टाकायची वेगळी. एक असते, दुसरी नसते, असंही होतं..." बोलता बोलता ती थांबली. तिला ओसरीवरची सतरंजी आठवली होती. कारभारी खाली मान घालून तिचं वाक्य लिहून घेत होता. तिनं खडू उचलला आणि पुढचं उदाहरण फळ्यावर लिहिलं.

फायली कुणी पुसल्या होत्या ते कधीच कळलं नाही. मच्छिंद्रकडं प्रोग्रामची जुनी छापील प्रत निम्मीअधिक होती. क्लास सुटल्यावर कारभारी ती घेऊन त्याच्याशेजारी बसू लागला. तो एकेक ओळ वाचायचा आणि मच्छिंद्र टाइप करायचा. "भरपाई म्हनून न्हाई बरं का," त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "माझी गाडी सुटेस्तवर मी रिकामाच असतो." त्याचं इंग्रजी वाचन अडखळत चाले आणि मच्छिंद्र चडफडे, पण उन्हाळा लागायच्या आत प्रोग्राम उभा राहिला. शिवाय कारभारीला कंस आणि अर्धविराम कुठं येतात ते कायमचं समजलं.

पुढच्या वर्षी जिनिंगमध्ये मशीन आलं. मॅनेजर म्हणाले, एकच नाव ठेवा, सगळ्यांना सोपं पडेल. कारभारीनं बेबीनंदाला नंतर फोनवर सांगितलं, "मी म्हनलं, साहेब, सोपं पडंल, पन उद्या काई झालं तर कोनाच्या नावानं बोंब मारायची?  मंग साहेब म्हनले, करा तुमच्या मनानं."

क्लास फार वर्षं चालला नाही. सगळ्यांना रंगीत खिडक्यांचे कॉम्प्युटर हवे झाले, हिरवी अक्षरं कुणाला नको होती. बद्रीनाथनंही वारा ओळखला. बेबीनंदा जालन्यातल्या एका कॉलेजात शिकवायला लागली. आधी तात्पुरती, मग कायम. तिथं एका मासिकासोबत फुकट आलेल्या तबकडीवरून तिनं लिनक्स बसवलं. युनिक्सचंच भावंड ते, फायली, प्रोसेस आणि परवानग्या सगळं तसंच. जाफराबादला रिटायर झालेले अण्णासाहेब एकदा जालन्याला आले तेव्हा तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. तास संपेपर्यंत ऐकत राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तुझ्या वर्गात पोरं फार बोलतात."

"हो बाबा."

ते गेटपर्यंत चालत गेले. "मला कुणी कधी उलटून प्रश्न विचारला नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, सगळ्यांना सगळं समजलं."

 तिनं रिक्षा थांबवली आणि त्यांना हात देऊन बसवलं.

दोन हजार चार साली कारभारी रिटायर झाला. जायच्या आधी त्यानं तिला जिनिंगवर बोलावलं. मशीनची सगळी देखभाल त्याच्याकडं होती आणि आता ती द्वारकाबाईकडं जायची होती. ती वजनकाट्यावरची कारकून, तिशीची, बोलायला फटकळ. कारभारीला एकच गोष्ट विचारायची होती.

"मॅडम, आता माझं नाव मशीनमधून काढून टाकायचं का?"

"काढता येईल. पण नाव काढलं की तुमच्या जुन्या फायलींपुढं मालक म्हणून नुसता आकडा दिसेल. फायली राहतील, पण कुणाच्या ते नवीन माणसाला समजणार नाही."

कारभारीनं विचार केला. "मंग नाव राहू द्या. पन मला आत येता येऊ नये, असं करता येतं का?"

"येतं. पासवर्डला कुलूप लावायचं."

"तेच करू. गेलेल्या मानसानं मागच्या दारानं येऊ नये."

ते काम द्वारकाबाईनंच करावं असं ठरलं. ती खुर्चीत बसली. कारभारी शेजारच्या स्टुलावर बसला आणि बेबीनंदा मागं उभी राहिली. द्वारकाबाईनं आदेश टाकला, एक अक्षर चुकलं, मशीननं नाही म्हटलं. कारभारीचा हात पुढं गेला. अर्ध्यावर त्यानं तो मागं घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"काय चुकलं काका?" द्वारकाबाईनं विचारलं.

"बघ तूच. घाई न्हाई," कारभारी म्हणाला.

द्वारकाबाई पडद्याजवळ वाकली आणि ओळ पहिल्यापासून वाचू लागली. बाहेर कापसाची गाडी काट्यावर चढत होती. बेबीनंदानं एक स्टूल ओढून घेतलं आणि तीही वाट बघत बसली.